आरएसएस, अ‍ॅटम की जेसन फीड? इंदूरच्या मराठी संकेतस्थळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात मराठी मंडळं, ग्रंथालयं, नाट्यसंस्था, मासिकं आणि दिवाळी अंक यांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. त्यांवर मजकूर येत राहतो, पण तो वाचकापर्यंत आपोआप पोचायची सोय बहुतेक ठिकाणी अर्धीमुर्धीच असते. ती सोय म्हणजे फीड. तिची तीन स्वरूपं आहेत: एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली आरएसएस आणि अ‍ॅटम, आणि जेसन या साच्यात लिहिलेली जेसन फीड. फीड कोणत्या स्वरूपात द्यावी आणि ती का बिघडते, याबद्दल संपादक आणि संकेतस्थळ सांभाळणारे कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

फीड म्हणजे काय? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना ती कशाला?

फीड म्हणजे संकेतस्थळावरच्या ताज्या मजकुराची एक यादी. ती माणसासाठी नसते, यंत्राला वाचता यावी म्हणून ठरलेल्या साच्यात लिहिलेली असते. वाचकाचं अ‍ॅप ती यादी ठरावीक वेळाने बघतं आणि काही नवं असलं तर दाखवतं. ग्रुपवरचा निरोप शंभर शुभेच्छांखाली दबतो आणि ग्रुपमध्ये नसलेल्याला तो कधी दिसतच नाही. फीडला सदस्यत्व नसतं, फोन नंबर द्यावा लागत नाही. रामबागेतून पुण्याला किंवा परदेशी गेलेली मुलं-नातवंडंही ती घेऊ शकतात, आणि दुसरं संकेतस्थळ तुमचे कार्यक्रम आपोआप दाखवू शकतं.

एका वाक्यात सांगा, कोणतं स्वरूप घ्यावं?

एकच द्यायचं असेल तर आरएसएस २.० द्या. बारकावे पुढे येतील, पण वाचायचं साधन कोणतंही असो, ते आरएसएस वाचतंच. पॉडकास्ट असेल तर दुसरा पर्याय जवळपास नाहीच.

मजकूर दोन भाषांत असेल, लेखांत वरचेवर दुरुस्त्या होत असतील किंवा अनेक संस्थांचा मजकूर एकत्र करायचा असेल, तर अ‍ॅटम जास्त चोख. स्वतःचं अ‍ॅप किंवा सभागृहातला माहितीफलक चालवायचा असेल तर जोडीला जेसन फीड.

आमचं ठाम मत असं की फीड बिघडते ती स्वरूपामुळे क्वचितच. चुकीची तारीख, बदलणारी ओळख आणि फुटलेली अक्षरं यांमुळे ती बिघडते. या तीन गोष्टी जाग्यावर असल्या तर तिन्ही स्वरूपं उत्तम चालतात. नसल्या तर एकही चालत नाही.

एकाच कामाला तीन स्वरूपं कशी काय झाली?

आरएसएसची पहिली आवृत्ती नेटस्केप या ब्राउझर कंपनीने मार्च १९९९ मध्ये काढली. पुढे दोन गट पडले. डिसेंबर २००० मधली आरएसएस १.० ही आरडीएफवर (माहितीतले संबंध लिहायच्या एका पद्धतीवर) आधारलेली निराळीच शाखा होती, तर डेव्ह वायनर यांनी साधी शाखा पुढे नेऊन सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.० आणली. म्हणजे १.० आणि २.० ही एकाच वाटेवरची आधीची-नंतरची पावलं नाहीत, हे ध्यानात ठेवा. आरएसएसच्या नियमांत काही गोष्टी मोघम राहिल्या होत्या. त्या पक्क्या करायला अ‍ॅटम आलं आणि डिसेंबर २००५ मध्ये ते आरएफसी ४२८७ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं. जेसन फीड मे २०१७ मधली, ब्रेंट सिमन्स आणि मँटन रीस यांची. तिची १.१ आवृत्ती ऑगस्ट २०२० ची आहे. नव्याने फीड उभारताना १.१ च धरा.

आरएसएस ०.९१ किंवा १.० मध्ये आज नवी फीड काढू नका.

प्रत्येक स्वरूपात काय सक्तीचं आहे?

आरएसएस २.० मध्ये वाहिनीला, म्हणजे अख्ख्या फीडला, शीर्षक, दुवा आणि वर्णन हे तिन्ही हवेत. प्रत्येक नोंदीला मात्र शीर्षक किंवा वर्णन यांतलं एक असलं तरी चालतं. म्हणजे तारीख नाही, ओळख नाही अशी नोंदही नियमाने वैध ठरते. ही मोकळीक पुढे महागात पडते. नियम मागत नसला तरी आरएसएसच्या प्रत्येक नोंदीत जीयूआयडी (न बदलणारी ओळख), पबडेट (प्रकाशनाची वेळ) आणि दुवा द्याच.

अ‍ॅटममध्ये फीडला आणि प्रत्येक नोंदीला आयडी, शीर्षक आणि अद्ययावत केल्याची वेळ सक्तीची आहे. लेखकाचं नावही कुठेतरी हवंच, नोंदीत नसेल तर फीडच्या पातळीवर.

जेसन फीडला आवृत्ती, शीर्षक आणि नोंदींची यादी लागते. प्रत्येक नोंदीला आयडी आणि मजकूर हवा. मजकूर एचटीएमएल असेल तर एक रकाना, साधा असेल तर दुसरा.

लेखकाच्या नावाबाबत एक खाच आहे. आरएसएसच्या ‘ऑथर’ घटकात नियमाप्रमाणे ईमेल पत्ता लागतो. ज्येष्ठ लेखकांचे पत्ते असे उघडे टाकू नका. त्याऐवजी डब्लिन कोअर या जादा घटकांच्या प्रमाण संचातला ‘क्रिएटर’ घटक वापरा, त्यात नुसतं नाव चालतं. अ‍ॅटम आणि जेसन फीडमध्ये ही अडचण नाही.

आमच्याकडे अर्धा मजकूर मराठी, अर्धा हिंदी. फीडमध्ये भाषा कशी सांगायची?

इंदुरात हा प्रश्न पहिल्या दिवशीच येतो, आणि स्वरूप ठरवताना तो खरोखर महत्त्वाचा आहे. दोन्ही भाषा देवनागरीत असल्याने डोळ्याला फरक जाणवत नाही, यंत्राला मात्र सांगावं लागतं.

भाषा चुकीची सांगितली तर ती चूक दोन ठिकाणी दिसते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन हिंदी आवाज लावतं, आणि मग ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे मराठी उच्चार बिघडतात. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ ऐकून बघा, लगेच कळेल. नजर अधू झालेल्या वाचकाला हा त्रास रोजचा आहे. दुसरं म्हणजे अक्षरांची वळणं. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाने काढतात. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि भाषेची खूण बघूनच योग्य ते निवडलं जातं.

आरएसएस २.० च्या मूळ नियमांत भाषा फक्त अख्ख्या वाहिनीची सांगता येते. नोंदवार सांगायची तर डब्लिन कोअरचा भाषेचा घटक जोडावा लागतो आणि तो सगळी अ‍ॅप्स मनावर घेत नाहीत. अ‍ॅटममध्ये कोणत्याही घटकावर एक्सएमएलचा भाषेचा गुणधर्म लावता येतो. फीड मराठी, त्यातली एक नोंद हिंदी, त्या नोंदीचं शीर्षक पुन्हा मराठी, इतकं बारीक सांगता येतं. जेसन फीडमध्ये १.१ पासून फीडला आणि नोंदीला स्वतंत्र भाषा देता येते.

मराठीचा संकेत ‘एम-आर’, हिंदीचा ‘एच-आय’, दोन्ही लहान रोमन अक्षरांत. आरएसएसवरच राहायचं असेल तर दोन स्वतंत्र फीड काढा, एक मराठी आणि एक हिंदी. वाचकालाही ते सोयीचं जातं.

वर्डप्रेसमध्ये फीडची भाषा संकेतस्थळाच्या भाषेवरून ठरते. सामान्य सेटिंगमध्ये भाषा इंग्रजीच राहिली असेल तर तुमची अस्सल मराठी फीड स्वतःला अमेरिकी इंग्रजी म्हणवून घेत असते. आजच बघून घ्या.

नोंदींच्या तारखा चुकीच्या दिसतात, किंवा नवा लेख यादीत तळाशी जातो. का?

तारखेचा साचा चुकला म्हणून. आरएसएसमध्ये तारीख जुन्या आरएफसी ८२२ पद्धतीची असते. वाराचं तीन अक्षरी इंग्रजी नाव, स्वल्पविराम, दिनांक, महिन्याचं तीन अक्षरी इंग्रजी नाव, चार आकडी वर्ष, वेळ आणि शेवटी +०५३०. उदाहरणार्थ: ट्यू, २१ ऑक्ट २०२५ ०६:००:०० +०५३०. अ‍ॅटम आणि जेसन फीडमध्ये आरएफसी ३३३९ चालते. २०२५-१०-२१, मग ‘टी’ हे अक्षर, मग ०६:००:०० आणि +०५:३०. इथे विसर्गासारखं चिन्ह आहे आणि आरएसएसमध्ये नाही, हा फरक नजरेतून सुटतो. वरची उदाहरणं वाचायला देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे रोमनच हवेत.

नेमकं इथेच मराठी संकेतस्थळं अडखळतात. थीम बनवणाऱ्याने पानावर तारीख दाखवणारं फंक्शन फीडच्या साच्यातही वापरलेलं असतं. संकेतस्थळाची भाषा मराठी केली की ते ‘मंगळ, २१ ऑक्टो’ असं छापू लागतं. अ‍ॅपला ते उमगत नाही. मग काही अ‍ॅप्स तारीख रिकामी ठेवतात, तर काही फीड वाचल्याचीच वेळ प्रकाशनाची धरतात, आणि तीन वर्षांपूर्वीचा लेख आजचा होऊन वर येतो. फीडसाठी भाषांतर न करणारं तारखेचं फंक्शन वेगळं ठेवा.

‘आयएसटी’ ही अक्षरं कधीही लिहू नका. आरएफसी ८२२ च्या यादीत ती नाहीत, आणि इस्राएल व आयर्लंडच्या वेळेलाही तीच आद्याक्षरं वापरतात. तसंच स्थानिक वेळ लिहून पुढे ‘झेड’ लावणं ही नेहमीची चूक. ‘झेड’ म्हणजे ग्रिनिचची वेळ, त्यामुळे नोंद साडेपाच तास भविष्यातली ठरते. सकाळी दहाला टाकलेली सूचना काही अ‍ॅप्स दुपारी साडेतीनपर्यंत दाखवतच नाहीत.

कार्यक्रमाची वेळ बदलली. जुनी नोंद सुधारावी की नवी टाकावी?

समजा रंगपंचमीच्या गेरसाठी (रंगांच्या मिरवणुकीसाठी) राजवाड्यापाशी जमायची वेळ नऊची होती आणि आता साडेआठ झाली. संकेतस्थळावर तुम्ही ती सुधारता. फीडमधून वाचकाला कळेल का, ते दोन गोष्टींवर ठरतं.

पहिली, नोंदीची ओळख. ती तीच राहिली तर अ‍ॅपला कळतं की ही जुन्याच नोंदीची नवी आवृत्ती आहे. ओळख बदलली तर वाचकासमोर दोन नोंदी येतात, एक नऊची, एक साडेआठची, आणि लोक चुकीच्या वेळी पोचतात.

दुसरी, बदलाची वेळ. आरएसएसमध्ये नोंद कधी सुधारली हे सांगायला मूळ घटकच नाही. पबडेट म्हणजे पहिल्या प्रकाशनाची वेळ. काही जण सुधारणेनंतर पबडेटच पुढे ढकलतात. त्याने नोंद वर येते, पण मूळ तारीख जाते. अ‍ॅटममध्ये प्रकाशनाची आणि अद्ययावत केल्याची वेळ स्वतंत्र असते. जेसन फीडमध्येही दोन रकाने आहेत. म्हणून ज्यांच्या सूचना बदलत राहतात त्यांनी अ‍ॅटम द्यावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो. मात्र ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं म्हणून अद्ययावत वेळ बदलू नका. वाचकाला पुन्हा बोलवण्याजोगा बदल असेल तेव्हाच बदला.

तरीही काही अ‍ॅप्स एकदा वाचलेली नोंद पुन्हा वर आणत नाहीत. वेळ किंवा जागा बदलली असेल तर जुनी नोंद सुधारा आणि ‘वेळेत बदल’ अशा शीर्षकाची छोटी नवी नोंदही टाका. दोघांच्या ओळखी वेगळ्या ठेवा.

लेखाचा पत्ता हीच ओळख म्हणून चालेल का?

चालतं, पण पत्ता कधीच बदलणार नसेल तरच. आणि पत्ते बदलतात. सुरक्षित जोडणी घेतली की ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ होतं. त्या दिवशी सगळ्या वाचकांना फीडमधले वीसच्या वीस लेख पुन्हा नवे म्हणून जातात.

पत्त्यातला मराठी मजकूर ही आणखी एक अडचण. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत) तीन बाइट घेतो आणि पत्त्यात टक्केवारीच्या चिन्हांनी लिहिला की नऊ अक्षरांचा होतो. ‘गणेशोत्सव’ या एका शब्दात काने-मात्रे आणि हलन्त धरून नऊ वर्ण आहेत, म्हणजे पत्त्यात ८१ अक्षरं. वर्डप्रेस असा भाग २०० अक्षरांवर कापतो, म्हणजे जेमतेम बावीस वर्ण उरतात. ‘गणेशोत्सव वक्तृत्व स्पर्धा निकाल’ आणि ‘गणेशोत्सव वक्तृत्व स्पर्धा नियम’ ही शीर्षकं कापल्यावर सारखीच दिसतात आणि दुसऱ्याच्या मागे आकडा चिकटतो. पत्त्याचा तुकडा स्वतः रोमनमध्ये आखूड लिहा.

ओळखीसाठी डेटाबेसमधल्या क्रमांकावरून बनवलेली, न बदलणारी खूण सगळ्यांत चांगली. अ‍ॅटमसाठी टॅग पत्त्याची पद्धत आहे: टॅग हा शब्द, तुमचं डोमेन, ते तुमच्याकडे असल्याचं वर्ष, आणि नोंदीचा क्रमांक. आरएसएसमध्ये अशी खूण जीयूआयडीत टाकली तर ‘इझ-पर्मालिंक’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करायला विसरू नका. न लिहिल्यास तो ‘ट्रू’ धरला जातो आणि अ‍ॅप त्या खुणेलाच पत्ता समजून उघडायला जातं.

शीर्षकावरून ओळख बनवू नका. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य एकाच दिसण्यात निरनिराळ्या वर्णक्रमांनी टंकता येतो. कळफलक बदलला की ओळख बदलली.

फीडमध्ये पूर्ण लेख द्यावा की सारांश?

पूर्ण द्या. प्रवासात, नेट जेमतेम असताना वाचणाऱ्याला सारांशाचा उपयोग नाही. अंक विकत देत असाल तर सारांश ठीक, पण तो हाताने लिहिलेला असावा.

आपोआप कापलेला सारांश मराठीत फार वाईट फुटतो. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीचं साधं ‘सबस्ट्र’ फंक्शन बाइट मोजतं. ३०० बाइट म्हणजे १०० वर्ण, पण मध्ये एखादी मोकळी जागा किंवा रोमन आकडा आला की कात्री एका वर्णाच्या मधोमध पडते. उरलेला अर्धा वर्ण अवैध असतो. एक्सएमएल वाचणारं साधन तिथेच थांबतं आणि त्या एका लेखापायी अख्खी फीड नाकारली जाते. जेसनमध्ये तर पीएचपीचं फंक्शन काहीच परत देत नाही आणि फीड कोरी जाते. ‘एमबी-सबस्ट्र’ वापरलं तर फीड वाचते, पण शब्द ‘विद्यार्थ्’ असा लटकू शकतो. उपाय सोपा आहे. मर्यादेच्या आधीची शेवटची मोकळी जागा शोधा आणि तिथे कापा.

आरएसएसमध्ये पूर्ण मजकुरासाठी ‘कंटेंट एनकोडेड’ हा जोडघटक वापरा आणि वर्णनात सारांश ठेवा. अ‍ॅटममध्ये ‘कंटेंट’ आणि ‘समरी’ हे दोन्ही घटक मुळातच आहेत, शिवाय मजकूर साधा आहे की एचटीएमएल हे ‘टाइप’ने सांगता येतं. आरएसएसच्या शीर्षकाबाबत हे कुठेच पक्कं सांगितलेलं नाही. म्हणून शीर्षकात ठळक-तिरपं असलं काही घालू नका.

चित्रांचे पत्ते पूर्ण द्या, अर्धे नकोत. पानावर दिसणारं चित्र फीडमध्ये गायब होतं ते बहुतेकदा यामुळेच.

फीड परवापर्यंत चालत होती, आज एकदम बंद. कुठे बघायचं?

एक्सएमएलचा नियम कडक आहे. एक चूक झाली की अख्खी फाइल अवैध. आम्हाला सर्वाधिक वेळा सापडणारी कारणं अशी.

सगळ्यांत वरची रिकामी ओळ. पीएचपीच्या एखाद्या फाइलच्या शेवटी चुकून मारलेला एंटर एक्सएमएलच्या घोषणेच्या आधी छापला जातो. घोषणा फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून हवी. नुकतंच कोणतं प्लगइन टाकलं किंवा कोणती फाइल बदलली, तिथून शोध सुरू करा.

दुसरं, ‘&’ हे चिन्ह. शीर्षकात ‘कथा & कविता’ असं थेट गेलं की फीड पडली. ते ‘&amp;’ असं लिहावं लागतं. एचटीएमएलमधलं न तुटणाऱ्या जागेचं नाव, म्हणजे एनबीएसपी, एक्सएमएलला ओळखीचं नाही. एक्सएमएलला अशी पाचच नावं ठाऊक आहेत: ‘&’, ‘<’, ‘>’, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण यांची.

तिसरं कारण छपाईशी निगडित आहे. अंकाची मांडणी पेजमेकर किंवा इनडिझाइनमध्ये झालेली असते आणि तिथून मजकूर चिकटवला जातो. त्याबरोबर डोळ्याला न दिसणारी नियंत्रण-चिन्हं येतात. उदाहरणार्थ ११ क्रमांकाचं उभ्या टॅबचं चिन्ह. एक्सएमएल १.० मध्ये त्याला मुळीच जागा नाही, त्याचा सांकेतिक क्रमांक लिहूनही चालत नाही. मजकूर साठवतानाच अशी चिन्हं गाळा. ३२ च्या खालच्या क्रमांकांपैकी फक्त ९, १० आणि १३ ठेवायचे.

आणि अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष फीडचा नाही. डेटाबेस किंवा त्याची जोडणी यूटीएफ-८ मध्ये नाही.

जेसन फीडला यातलं काहीच होत नाही ना?

रिकामी ओळ आणि ‘&’ यांचा त्रास होत नाही. पण हाताने जोडलेल्या जेसनमध्ये शेवटचा जादा स्वल्पविराम किंवा मजकुरातलं न सोडवलेलं दुहेरी अवतरण तेवढंच घातक असतं. जेसन असो की एक्सएमएल, अक्षरं जोडजोडून फाइल लिहू नका. त्यासाठीची तयार लायब्ररी वापरा, बहुतेक चुका ती होऊच देत नाही.

मराठीमुळे फाइल फार मोठी होते का?

काहीशी होते. ‘मराठी’ शब्दात पाच वर्ण आहेत. यूटीएफ-८ मध्ये तो १५ बाइटचा, जेसनच्या यू-क्रमांकांत ३० चा आणि एक्सएमएलच्या अंकसंकेतांत ३५ चा. पीएचपी आणि पायथन दोन्ही जेसन लिहिताना आपणहून यू-क्रमांक लिहितात. पीएचपीत ‘अनएस्केप्ड युनिकोड’ पर्याय लावा, पायथनमध्ये ‘एन्शुअर-अ‍ॅस्की’ बंद करा. फाइल जवळपास निम्मी होते आणि उघडून वाचताही येते, जे दोष शोधताना फार कामाचं.

खरा भार आकारापेक्षा वारंवारतेचा असतो. ५०० शब्दांचे २० लेख म्हणजे सुमारे १९० केबी. २०० अ‍ॅप्स दर अर्ध्या तासाला आली तर दिवसाला ९,६०० फेऱ्या, म्हणजे १.८ जीबी. रोज. यातलं बहुतेक वाया, कारण मजकूर बदललेलाच नसतो. सर्व्हरने ईटॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) पाठवले की अ‍ॅप पुढच्या वेळी विचारतं, ‘यानंतर काही बदललं का?’ बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढाच आकडा सांगतो आणि मजकूर जातच नाही. जोडीला जीझिप, म्हणजे फाइल आवळून पाठवायची सोय, चालू करा. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचे पहिले दोन बाइट जवळपास सारखेच असल्याने ती छान आवळली जाते.

जुने अंक श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आहेत. ते फीडमध्ये कसे आणायचे?

आधी युनिकोडमध्ये आणा. जुन्या फाँटात प्रत्यक्षात रोमन अक्षरं साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फीडबरोबर फाँट जात नाही, वाचकाला अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. रूपांतरानंतर तीन जागा माणसाने वाचायलाच हव्यात: ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’. ‘कार्यकर्ते’, ‘सुऱ्या’, ‘निश्चित’ हे शब्द नमुन्याला घ्या. हे तीन नीट आले तर बाकी बरंचसं नीट आलेलं असतं.

जुने अंक चढवताना मूळ तारखा द्या आणि एकदम दोनशे नोंदी फीडमध्ये सोडू नका. फीडमध्ये ताज्या वीस पुरेत.

अभिवाचनं, व्याख्यानं यांचं ध्वनिमुद्रण आहे. कोणतं स्वरूप?

आरएसएस २.०. अ‍ॅपल पॉडकास्ट्स आणि स्पॉटिफाय तेच घेतात. प्रत्येक भागाला एक ‘एनक्लोजर’ (ध्वनिफाइल जोडणारा घटक), त्यात पत्ता, लांबी आणि प्रकार हे तिन्ही सक्तीचे. लांबी म्हणजे मिनिटं नव्हेत, बाइट. बोलण्याचं मुद्रण ६४ केबीपीएसला पुरतं. अर्ध्या तासाचे १,४४,००,००० बाइट होतात. सर्व्हरने फाइलचा तुकडा मागितल्यावर तेवढाच द्यायला हवा, नाहीतर ऐकताना पुढे सरकता येत नाही.

सभागृहाच्या पडद्यावर ‘आजचे कार्यक्रम’ दाखवायचे आहेत.

इथे जेसन फीड. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ती थेट वाचते. पडद्याचं पान आणि फीड वेगळ्या डोमेनवर असतील तर फीडच्या सर्व्हरने ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हे शीर्ष (उत्तरासोबत जाणारी हेडरची ओळ) पाठवायला हवं, नाहीतर ब्राउझर मजकूर अडवतो. सभागृहाचं नाव, तिकीट अशी जादाची माहिती अधोरेषेने सुरू होणाऱ्या रकान्यात ठेवता येते. इतर अ‍ॅप्स ती सोडून देतात.

एक सावधगिरी: नोंदीची तारीख म्हणजे प्रकाशनाची तारीख, प्रयोगाची नव्हे. प्रयोगाची वेळ स्वतंत्र रकान्यात हवी. आणि लोकांच्या फोनमधल्या कॅलेंडरात तारखा जाव्यात असं वाटत असेल तर त्यासाठी आयकॅलेंडर हे वेगळं स्वरूप आहे, फीडवर ते ओझं टाकू नका.

तिन्ही स्वरूपं एकदम दिली तर?

द्या, हरकत नाही, पण एकाच साठ्यातून यंत्राने बनवलेली. हाताने सांभाळलेल्या तीन फाइली महिन्याभरात एकमेकींशी जुळेनाशा होतात. तिन्हींत नोंदीची ओळख तीच ठेवा. पानाच्या शीर्षभागात ‘अल्टरनेट’ दुव्यांनी तिन्ही जाहीर करा आणि वाचकाने जी घ्यावी असं वाटतं ती पहिली लिहा. प्रत्येकीचा माध्यम-प्रकार बरोबर हवा: अनुक्रमे आरएसएस-प्लस-एक्सएमएल, अ‍ॅटम-प्लस-एक्सएमएल आणि फीड-प्लस-जेसन, तिन्हींच्या आधी ‘अ‍ॅप्लिकेशन’.

वर्डप्रेस किंवा ब्लॉगर वापरतो. काही करावं लागेल का?

थोडंसं. वर्डप्रेस आरएसएस आणि अ‍ॅटम दोन्ही देतं, मुख्य पत्त्यापुढे ‘फीड’ किंवा ‘फीड/अ‍ॅटम’ रोमनमध्ये जोडून बघा. जेसन फीडला प्लगइन लागतं. वाचन सेटिंगमध्ये दहा नोंदींच्या वीस करा आणि ‘पूर्ण मजकूर’ निवडा. त्याची जीयूआयडी नोंदीचा पत्ता बदलला तरी बदलत नाही, तिला हात लावू नका. ब्लॉगर मुळात अ‍ॅटम देतं.

अनेक मंडळांच्या फीड एकत्र करून शहराची एक फीड करता येईल?

नक्की करावी, इंदूरला तिची गरज आहे. एकत्रित फीड अ‍ॅटममध्ये काढा. तिच्या ‘सोर्स’ घटकात मूळ फीडचा आयडी, शीर्षक आणि हक्कांची माहिती जपता येते. नोंदीचा मूळ आयडी जसाच्या तसा ठेवा, म्हणजे दोन्ही फीड घेणाऱ्या वाचकाचं अ‍ॅप दुहेरी नोंद ओळखू शकतं. बाहेरून आलेल्या एचटीएमएलमधली स्क्रिप्ट गाळूनच छापा, आणि एक्सएमएल वाचताना बाहेरच्या एंटिटी (दुसऱ्या फाइलींकडे नेणारी नावं) उघडण्याची सोय बंद ठेवा. ती चालू असेल तर दुष्ट हेतूने लिहिलेली फीड तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकते.

प्रसिद्ध करण्याआधी तपासायचं कसं?

आरएसएस आणि अ‍ॅटम डब्ल्यूथ्रीसीच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये टाका. जेसन फीडसाठी वेगळा तपासनीस आहे. मग ‘कर्ल’ या कमांडने फक्त शीर्षं मागवा आणि माध्यम-प्रकार व ईटॅग बघा. तोच ईटॅग परत पाठवून ३०४ येतो का ते पाहा. यानंतरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत: एक खोटी नोंद टाका, तिच्या शीर्षकात ‘&’ आणि ‘ऱ्या’ दोन्ही ठेवा, दोन वेगळ्या अ‍ॅप्समध्ये ती कशी दिसते ते पाहा. मग शीर्षक आणि वेळ बदलून तासाभराने पुन्हा बघा. एकच नोंद, नवं शीर्षक, बरोबर वेळ असं दिसलं की काम झालं. दोन दिसल्या तर ओळख बदलते आहे.

आरएसएसवरून अ‍ॅटमवर जायचं आहे. जुना पत्ता काढून टाकू का?

काढू नका. जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण द्या, म्हणजे ३०१. बहुतेक अ‍ॅप्स नवा पत्ता स्वतःहून नोंदवतात. वळण निदान वर्षभर ठेवा, कारण दिवाळी अंकापुरतेच डोकावणारे वाचकही असतात. जुन्या जीयूआयडीच नव्या आयडी म्हणून न्या. मात्र अ‍ॅटमचा आयडी पूर्ण पत्त्याच्या रूपात लागतो, नुसता क्रमांक असेल तर बदल अटळ आहे. तेव्हा बदलाच्या दिवशी फीडमध्ये शेवटच्या दोन-तीनच नोंदी ठेवा आणि पुढे हळूहळू वीसपर्यंत जा. पॉडकास्टची फीड मात्र आहे तिथेच, आरएसएसमध्येच राहू द्या.